घरगुती इंकजेट प्रिंटरला बाहेरची टाकी बसवावी का?

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात घरी शिकवणी घेणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे काळे आणि तिरंगी अशी दोन छोटी कार्ट्रिज असलेला, स्कॅनरसह येणारा साधा इंकजेट प्रिंटर आहे. जून ते मार्च या काळात महिन्याला सुमारे पाचशे पाने, बहुतेक काळ्या अक्षरांतील सराव-प्रश्नपत्रिका, छापाव्या लागतात; एप्रिल-मे महिन्यांत मात्र यंत्र जवळजवळ बंदच असते. काळे कार्ट्रिज नऊशे रुपयांना पडते आणि त्यात प्रत्यक्षात चारशेच्या आसपास पाने निघतात. ओळखीच्या दुरुस्ती कारागिराने दीड हजार रुपयांत बाहेरची शाईची टाकी नळ्यांनी कार्ट्रिजला जोडून देण्याची तयारी दाखवली आहे, तर ती जोडून घ्यावी का?

ताई, तुमच्या यंत्रापुरते माझे उत्तर असे की टाकी बसवू नका. काळे कार्ट्रिज सिरिंजने भरत जा. बाहेरची टाकी बसवण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे आणि योग्य यंत्रावर ती उत्तम चालते, म्हणून हा सल्ला टाकीविषयीच्या अविश्वासातून आलेला नाही. तुमच्या प्रकारच्या प्रिंटरमध्ये खर्चाचा खरा भार शाईवर नसून हेडवर, म्हणजे शाई कागदावर फेकणाऱ्या भागावर, आहे, आणि टाकी जोडल्याने तो भार हलत नाही, एवढेच त्यामागचे कारण आहे.

शाईचा हिशेब आधी पाहू. एप्सनच्या टाकीच्या प्रिंटरसाठी मिळणारी ००३ क्रमांकाची काळ्या शाईची बाटली ६५ मिलिलिटरची असते आणि आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या प्रमाणित नमुना पानांवर तिची क्षमता ४५०० पाने सांगितली जाते. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण ६९ पाने होतात. हाच ढोबळ हिशेब लावला, तर तुमची चारशे पाने सहा मिलिलिटर शाईतसुद्धा बसतात. प्रत्यक्षात हेड साफ करण्यात काही शाई जाते आणि आकृत्या असलेल्या पानांना जास्त शाई लागते. पण दुप्पट धरली तरी बारा मिलिलिटरच्या पुढे आपण जात नाही. बाटली साडेतीनशे रुपयांची धरल्यास पानामागे शाईचे आठ पैसे होतात, आणि तुम्ही आज सव्वादोन रुपये मोजत आहात. मधला फरक पाहून कोणालाही वाटेल की टाकी बसवली की सगळे पैसे वाचले.

इथेच यंत्राचा प्रकार पाहावा लागतो. तुमचे काळे कार्ट्रिज बाहेर काढून पाहिलेत, तर त्याच्या एका बाजूला तांब्याच्या रंगाचे छोटे ठिपके आणि तळाशी एक अरुंद चकाकती पट्टी दिसेल. ती पट्टी म्हणजेच हेड. एचपी आणि कॅनन यांच्या लहान घरगुती प्रिंटरांत हेड असे कार्ट्रिजमध्येच असते. त्यात शाई बाहेर पडण्याची बारीक छिद्रे, म्हणजे नोझल, असतात आणि प्रत्येक नोझलमागे एक सूक्ष्म हीटर असतो. तो क्षणार्धात शाईची वाफ करतो आणि त्या वाफेच्या बुडबुड्याने शाईचा थेंब कागदावर फेकला जातो. हे हीटर झिजतात, आणि त्यांना थंड ठेवण्याचे काम शाईच करत असल्यामुळे शाई संपत आलेली असताना छपाई चालू ठेवली, तर जळतातही. एप्सन आणि ब्रदर यांच्या प्रिंटरांत पद्धत वेगळी आहे: तिथे विजेच्या दाबाने किंचित वाकणारा स्फटिक शाई ढकलतो, उष्णता लागत नाही आणि हेड यंत्रात कायमचे बसवलेले असते. ते चोंदते, पण सहसा झिजत नाही.

काळजीपूर्वक भरलेले एक काळे कार्ट्रिज पाच-सात वेळा चांगली छपाई देते. त्यानंतर अक्षरांत पांढऱ्या रेघा दिसू लागतात आणि कितीही साफ केले तरी त्या जात नाहीत. सहा भरण्या धरल्या तर नऊशे रुपयांचे कार्ट्रिज २४०० पाने देते, म्हणजे पानामागे ३७-३८ पैसे हेडचे झाले. त्यात शाईचे आठ पैसे मिळवले की एकूण खर्च ४५ पैशांच्या आसपास येतो. महिन्याला पाचशे पानांचा खर्च सव्वाअकराशे रुपयांवरून सुमारे २३० रुपयांवर उतरतो, आणि यासाठी यंत्राला हातही लावावा लागत नाही. टाकी बसवली तरी हे ३७ पैसे तसेच राहतात, कारण नळीच्या टोकाला तेच झिजणारे कार्ट्रिज असते. शाई कधी खंडित झाली नाही तर हेड थोडे जास्त टिकेल, हे मान्य. परंतु कार्ट्रिज बदलायची वेळ आली की नवे कार्ट्रिज पुन्हा भोक पाडून नळीला जोडावे लागते, आणि त्या प्रत्येक जोडणीत हवा शिरण्याचा धोका असतो. तुमच्या वापरात टाकी वाचवते ते महिन्यातून एकदा शाई भरण्याचे पंधरा-वीस मिनिटांचे काम. त्यासाठी दीड हजार रुपये आणि हा धोका पत्करणे मला योग्य वाटत नाही.

आता भरण्याची रीत सांगतो, कारण घाईने केलेली भरणी हे कार्ट्रिज लवकर बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. औषधांच्या दुकानात मिळणारी दहा मिलिलिटरची सिरिंज आणि लांब सुई पुरते. कार्ट्रिजच्या वरच्या लेबलाखाली भरण्याचे छिद्र असते. लेबल पूर्ण उपटून न काढता अलगद एका बाजूने उचलावे, कारण आत हवा जाण्याचा मार्गही तिथूनच असतो आणि तो नंतर मोकळा ठेवावा लागतो. सुई स्पंजमध्ये सावकाश खाली न्यावी, पण तळाच्या जाळीवर दाबू नये. पाच-सहा मिलिलिटर शाई अगदी हळू सोडावी, म्हणजे स्पंज ती शोषून घेतो आणि आतली हवा वर निघून जाते; जोराने सोडल्यास शाईभोवती हवेचे कप्पे अडकतात आणि भरलेले कार्ट्रिजसुद्धा दहा पानांत कोरडे छापू लागते. छिद्राशी शाई दिसताच थांबावे आणि थोडी परत ओढून घ्यावी. स्पंजमध्ये जागा शिल्लक असणे आवश्यक आहे, कारण स्पंज शाईला धरून ठेवतो म्हणूनच ती नोझलमधून आपोआप गळत नाही. काठोकाठ भरलेले कार्ट्रिज हमखास ठिबकते.

भरून झाल्यावर कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या टिश्यू पेपरच्या घडीवर हेडची पट्टी हलकेच टेकवावी. घासू नये. कागदावर सलग काळी पट्टी उमटली तर सर्व नोझल उघडी आहेत असे समजावे. नळाचे पाणी यासाठी वापरू नये, कारण त्यातील क्षार नोझलमध्ये बसतात. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर उद्यमनगरात गाड्यांच्या सुट्या भागांच्या कोणत्याही दुकानात मिळते. तांब्याचे ठिपके स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसावेत आणि त्यांना बोट लावू नये. कार्ट्रिज अर्धा तास स्थिर ठेवून मग यंत्रात बसवावे आणि नोझल चेकचे, म्हणजे सर्व नोझल चालतात का हे दाखवणारे, पान काढावे. शाई संपल्याची सूचना पडद्यावर येत राहील. अशा बहुतेक छोट्या प्रिंटरांत ती सूचना मान्य करून पुढे छपाई करता येते.

सूचनेवर विसंबता येत नाही, तर शाई केव्हा भरायची हे कसे कळावे? कार्ट्रिजचे वजन करावे. शाईच्या एका मिलिलिटरचे वजन साधारण एक ग्रॅम असते. भरल्यानंतरचे वजन कार्ट्रिजवरच पेनने लिहून ठेवावे आणि ते चार-पाच ग्रॅमने उतरले की पुन्हा भरावे. त्यासाठी गुजरीतला सराफी काटा लागत नाही. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातील डिजिटल काटा पुरतो. या एका सवयीने हेड कधीच कोरडे चालत नाही, आणि मी वर सांगितलेल्या पाच-सात भरण्या प्रत्यक्षात मिळतात.

शाई घेताना मात्र काटकसर करू नका. तुमच्या प्रकारच्या काळ्या कार्ट्रिजमध्ये बहुधा पिगमेंट शाई असते, म्हणजे पाण्यात न विरघळणारे रंगद्रव्याचे सूक्ष्म कण. रंगीत कार्ट्रिजमध्ये डाय म्हणजे विरघळलेला रंग असतो. एकाच कार्ट्रिजमध्ये या दोन्ही मिसळल्या तर साका धरतो आणि हेड चोंदते, म्हणून बाटलीवर कोणत्या कार्ट्रिजसाठी ही शाई आहे, हे वाचूनच घ्यावी. पिगमेंट शाईचा आणखी एक फायदा तुमच्या कामात थेट उपयोगी आहे: जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरी पावसात मुलांच्या दप्तरातून ओल्या झालेल्या प्रश्नपत्रिकांवरची अक्षरे ती पसरू देत नाही. दुकानात शंभर मिलिलिटरची दीडशे रुपयांची शाई दिसेल. ती वापरल्यास शाईचा खर्च पानामागे आठ पैशांवरून दोन-सव्वादोन पैशांवर येतो, म्हणजे पाचशे पानांमागे महिन्याला फार तर अठ्ठावीस-तीस रुपये वाचतात. तेवढ्यासाठी नऊशे रुपयांचे कार्ट्रिज धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट पुढे येते, जी फारसे कोणी सांगत नाही. शाई बाटलीतून येऊ लागली की सर्वांत मोठा खर्च कागदाचा होतो. पाचशे कागदांचे रीम २८० रुपयांना धरले, तर एक कागद ५६ पैशांचा, म्हणजे शाईच्या सातपट. पाचशे पाने कागदाच्या दोन्ही बाजूंना छापली तर अडीचशे कागद, म्हणजे १४० रुपये वाचतात. स्वस्त शाईने होणाऱ्या बचतीच्या हे जवळजवळ पाचपट आहे. तुमच्या यंत्रात कागद आपोआप उलटत नसेल, तर आधी विषम पाने छापून गठ्ठा उलटा घालावा आणि मग सम पाने छापावीत. छपाईच्या सेटिंगमध्ये फक्त काळी शाई वापरण्याचा पर्याय आणि साधा कागद निवडावा. फोटो पेपर निवडलेला राहिला, तर अनेक प्रिंटर काळा रंगही तीन रंग मिसळून काढतात आणि तिरंगी कार्ट्रिज कारण नसताना संपते.

टाकी कोणी बसवावी, हेही सांगायला हवे, कारण तुमच्याखेरीज इतरांचेही हे प्रश्न असतात. हेड यंत्रातच कायम असलेला जुना पण सुस्थितीतला प्रिंटर, महिन्याला हजाराहून अधिक पाने आणि वर्षभर नियमित छपाई या तिन्ही गोष्टी असतील, तर बदल नक्की फायद्याचा ठरतो. प्रकल्प-अहवाल छापून देणाऱ्या, विद्यापीठ परिसरातल्या झेरॉक्सवाल्यांनी अशी यंत्रे पुष्कळ चालवली. ही कल्पना इतकी पसरली की एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःच टाकीसह प्रिंटर विकायला सुरुवात केली आणि पाठोपाठ कॅनन, एचपी, ब्रदर यांनीही तोच मार्ग धरला.

अशा बदलात सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे टाकीची उंची. टाकी प्रिंटरच्याच पातळीवर, टेबलावर शेजारी ठेवावी, म्हणजे तिच्यातील शाईची पातळी नोझलपेक्षा थोडी खाली राहते. जागा वाचवण्यासाठी ती प्रिंटरच्या डोक्यावर ठेवली, की शाई स्वतःच्या वजनाने उतरून नोझलमधून यंत्रात सांडते, आणि खाली विजेचे सर्किट असेल तर यंत्र कायमचे जाते. उलट टाकी खालच्या फळीवर ठेवली तर शाई नळीतून मागे सरकते आणि हेड कोरडे पडते. दुसरी गोष्ट हवेची. टाकीला दोन छिद्रे असतात: भरण्याचे मोठे आणि श्वास घेण्याचे लहान. छपाई चालू असताना मोठे छिद्र बुचाने घट्ट बंद आणि लहान छिद्र फिल्टरसह उघडे हवे. लहान छिद्र बंद राहिले तर काही पानांतच शाई येणे थांबते आणि कारागीर हेड खराब झाल्याचे निदान करून मोकळा होतो. शाई भरताना याच्या उलट, म्हणजे आधी लहान छिद्र बंद करून मग मोठे उघडायचे असते. भरून झाल्यावर मोठे घट्ट बंद करून मगच लहान उघडावे.

नळ्यांची लांबी प्रत्यक्ष हालचाल पाहूनच ठरवावी. कॅरेज, म्हणजे कार्ट्रिज किंवा हेड घेऊन इकडून तिकडे सरकणारा भाग, मधोमध असताना वीज काढावी आणि ते हाताने दोन्ही टोकांना नेऊन पाहावे. नळी कुठे ताणली जात नाही, कुठे फुगून झाकणाला घासत नाही आणि स्कॅनरच्या झाकणाखाली दबत नाही, हे पाहिल्याशिवाय एकही पान छापू नये. पहिल्यांदा शाई हेडपर्यंत आणताना प्रिंटरच्या हेड क्लीनिंगवर विसंबू नये, सिरिंजने शाई ओढून घ्यावी. क्लीनिंगने वाया गेलेली सगळी शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या वेस्ट इंक पॅडमध्ये जाते, आणि पॅड भरले की प्रिंटर छपाईच थांबवतो. कॅननच्या अनेक यंत्रांत तेव्हा ५बी०० ही खूण दिसते. संगणकावरून ती मोजणी शून्यावर आणून देणारे पुष्कळ भेटतात, पण मोजणी शून्य झाल्याने पॅड कोरडे होत नाही. पॅड बदलून घ्यावे किंवा वाया जाणाऱ्या शाईची नळी बाहेर बाटलीत काढून घ्यावी. त्या बाटलीतील शाई मोरीत ओतू नये ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या शहरातले सांडपाणी जयंती नाल्यातून पंचगंगेकडे जाते, हे आपण सगळे जाणतो. जुन्या वर्तमानपत्रात किंवा लाकडाच्या भुशात ती शोषून, वाळवून मग कचऱ्यात द्यावी.

प्रिंटरला ओळख पटवणाऱ्या चिपवर चालणाऱ्या कार्ट्रिजचा प्रश्न वेगळा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरांनी बाहेरच्या चिपची कार्ट्रिज एकाएकी नाकारली होती आणि नंतर कंपनीने त्यासाठी पर्यायी फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर, उपलब्ध करून दिले. तुम्ही मूळ कार्ट्रिजच भरणार असल्याने तुम्हाला ही अडचण सहसा येणार नाही. यंत्र वॉरंटीत असेल, तर मात्र भोक पाडणारा कोणताही बदल वॉरंटी संपेपर्यंत करू नये.

उन्हाळ्याची सुट्टी हा तुमच्या यंत्राचा सर्वांत नाजूक काळ आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या उष्णतेत बंद प्रिंटरच्या नोझलमधली शाई सुकते. त्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा नोझल चेकचे एक पान काढावे, ज्यात काळ्यासह तिन्ही रंग येतात. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा, भिंतीवरच्या बटणाने नाही. स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हेड जागेवर जाऊन रबराच्या टोपीखाली झाकले जाते. छपाई चालू असताना लाइट गेली तर ती आल्यावर लगेच प्रिंटर चालू करून हेड जागेवर जाऊ द्यावे. पावसाळ्यात अडचण कागदाची असते: उघड्या रीममधला कागद ओल धरतो, वळतो आणि दोन-दोन कागद एकदम आत ओढले जातात. म्हणून ट्रेमध्ये त्या दिवसापुरतेच कागद ठेवावेत आणि उरलेले रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे.

दीड हजार रुपये हातात ठेवा, ताई. त्यातल्या नऊशे रुपयांत एक जादा काळे कार्ट्रिज घेऊन ठेवा, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री जुन्याने दगा दिला तरी काम अडणार नाही. उरलेल्या पैशांत चांगली शाई, सिरिंज आणि डिजिटल काटा येईल. तुमची छपाई पुढे महिन्याला हजार पानांच्या वर गेली, किंवा या यंत्राचे रोलर घसरू लागले, तर त्यावर पुन्हा खर्च न करता कारखान्यातूनच टाकी बसवून येणारा प्रिंटर घ्या. तो घेताना काळी शाई पिगमेंट आहे का आणि वेस्ट इंक पॅड घरी बदलता येते का, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारा आणि उत्तरे यंत्राच्या माहितीपत्रकात तपासून पाहा.